मेधा, तुझी पेटी मी पास केली नाही

मेधा, आधीच सांगते, मी तुझ्यावर चिडलेय. तू गेलीस म्हणून मी आवाज खाली आणून गोडगोड बोलेन असं वाटत असेल तर विसर. ते बाकीचे करतायत. ऑफिसात तुझ्या फोटोसमोरून जाताना सगळे इतके हळू बोलतात, जसं काही तू आतल्या खोलीत झोपली आहेस. तुला हळू बोलणारी माणसं कधी आवडली नाहीत. आपण दोघी वाद घालायला लागलो की शेजारच्या गाळ्यातला छपाईवाला येऊन विचारायचा, "मॅडम, सगळं ठीक ना?" परवा तो आला, दारातूनच तुझी रिकामी खुर्ची बघून परत गेला. आमच्याकडे हल्ली शांतता असते. मला ती अजिबात सहन होत नाही.

रविवारी दुपारी जेवून तू आडवी झालीस आणि चहाच्या वेळी नितीन उठवायला गेला तर उठली नाहीस. हार्ट. आंबिवलीला तुझ्या घरी पोचले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग होता आणि आत नितीनच्या आत्या, तुझ्या आत्येसासूबाई, कोणाला तरी सांगत होत्या, "विमानाचं काहीतरी करायची हो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, नेमकं काय करायची ती?"

मला रडू येत होतं आणि रागही. मी सांगितलं. दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक विमानात एक पेटी असते. दुसरं विमान फार जवळ आलं की ती पायलटला ओरडून सांगते, चढ, नाहीतर उतर. त्या पेटीने कधी ओरडायचं आणि काय ओरडायचं हे मेधा लिहायची.

"आणि तू?"

"मी तिची विमानं पाडायचे."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मी म्हटलं, "पडद्यावर हो. खोटी खोटी." पण त्यांचा काही विश्वास बसला नाही. तू असतीस तर त्या सुतकाच्या घरात मोठ्याने हसली असतीस, आणि मला कोपराने ढोसलं असतंस.

खरं तर या कामात मी आले ती तुझ्यामुळेच. त्याआधी मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरची बटणं तपासत बसलेले. दाबलं की उघडतं का, दाबलं की बंद होतं का. जीव आंबला होता माझा. इंटरव्ह्यूला कर्णिक सर शिक्षणाचं विचारत होते आणि तू मध्येच म्हणालीस, "तुला कोणी बरोबर आहे असं म्हटलं की कसं वाटतं?" मी म्हटलं, "संशय येतो." तू सरांना म्हणालीस, "हिला घ्या." तेवढ्यावर मला नोकरी लागली. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. कशाला मानू? तू लगेच म्हणाली असतीस, "मग आता माझी विमानं सोड."

तू वाचवायचंस आणि मी पाडायचं, आणि पाडायच्या आधी मी तुला अवाक्षर सांगायचं नाही. आपल्या कामाचा नियमच तो. विमानं कशी समोरासमोर आणणार हे लिहिणारीला आधी कळलं, तर ती तेवढंच भोक बुजवणार, बाकीची तशीच. म्हणून ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत तुझ्या गाडीत शेजारी बसूनही न झालेल्या टेस्टबद्दल मी तोंड उघडायचे नाही. तू काय कमी प्रयत्न केलेस? "आज काय वाढून ठेवलंयस गं माझ्यासाठी?" असं लाडाने विचारायचीस. कधी मुंब्र्याच्या चढावर मुद्दाम एसी बंद करायचीस. मी घामाघूम होऊन गप्प बसायचे. टेस्ट झाली की मात्र मुभा. मग जे भांडायचो, त्याला तोड नव्हती.

आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण एकाच गोष्टीवरचं. किती महिने चाललं होतं! एक विमान खालून झपाझप वर चढतंय. त्याला दुसऱ्याच्या हजार फूट खाली थांबायचंय, आणि ते थांबणारच आहे. पण पेटीला ते कुठे ठाऊक? तिला दिसतं एवढंच की हे असंच येत राहिलं तर टक्कर. म्हणून ती बोंबलते. पायलट दचकतो, विमान झटक्यात वर-खाली घेतो, मागे लोकांच्या मांडीवर चहा सांडतो, आणि मग कळतं की काही नव्हतंच.

"असं चार वेळा झालं ना वैशू," तू म्हणायचीस, "की पाचव्यांदा तो पायलट हात हलवायच्या आधी विचार करणार. आणि विचार करायला वेळ आहे कुठे त्याच्याकडे? खोटं ओरडणारी पेटी असण्यापेक्षा नसलेली बरी."

मी म्हणायचे, "पेटीचं कामच ओरडणं आहे बाई. नको तेव्हा ओरडली तर शिव्या खाईल. हवी तेव्हा गप्प बसली तर माणसं जातील."

तू त्यावर स्टिअरिंगवर हात आपटायचीस. तुझं म्हणणं असं की पेटीला समज द्यायची. चढणारं विमान मंदावायला लागलं की ओळखायचं, हे थांबतंय, आणि गप्प राहायचं. ते तू लिहिलंस. मी त्याला वाकून, तिरकं होऊन, डोक्यावर उभी राहून पाडायचा प्रयत्न केला आणि बऱ्याचदा हरले. हे मी तुला तोंडावर कधी कबूल केलं नसतं, पण काम देखणं होतं. ऑफिसात सगळे तिला गप्प पेटी म्हणायला लागलेले. शेवटची फेरी तेवढी राहिलेली.

तो शुक्रवार मला डोक्यातून काढता येत नाहीये. रिपोर्टवर तुझी सही करून तू माझ्या टेबलावर टाकलास, "आता तुझी तेवढी राहिली" म्हणालीस, आणि आपण निघालो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. पुढे कंटेनर, बाजूला कंटेनर. तू जबडा चोळत होतीस. मधूनच डावा खांदा.

"काय झालं?"

"काही नाही. गॅस."

"पुन्हा? अगं, डॉक्टरकडे जा ना."

"दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळेला ईसीजी काढला, दोन्ही वेळेला अ‍ॅसिडिटी. दुसऱ्या वेळी तर मला म्हणाले, टेन्शन कमी घ्या ताई. नितीनने अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली, सासूबाई देवापुढे बसलेल्या. आणि निघालं काय, तर ढेकर. आता तिसऱ्यांदा कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"जा. पन्नासदा जा."

"बघ! हाच तुझा प्रॉब्लेम आहे. तुला सगळीकडे बोंबच मारायची असते."

"मेधा, विमानाचं बोलत नाहीये मी."

"मी पण नाही," तू म्हणालीस आणि हॉर्न दाबून धरलास. पुढचा कंटेनर हलण्याचं काही कारण नव्हतं, तरी दाबून धरलास.

मग मी ओरडले. चांगली ओरडले. काचा बंद होत्या तरी बाजूचा बाइकवाला वळून बघायला लागला. तू रेडिओ मोठा केलास. डोंबिवलीत मला उतरवलंस तेव्हा दार धरून मी म्हटलं, "उद्या गेली नाहीस तर नितीनला फोन करेन." तू म्हणालीस, "कर. तो तुझ्यासारखाच आहे, घाबरट." मी उद्याची वाटसुद्धा बघितली नाही. जिना चढतानाच फोन केला. तो म्हणाला, "नेतो गं, पण तिने ऐकलं पाहिजे ना." आणि तू ऐकलं नाहीस. म्हणून चिडलेय मी. तुला दोनदा खोटी घंटा ऐकू आली आणि तिसऱ्या खऱ्या घंटेला तू पाठ फिरवून झोपलीस. जे पायलटबद्दल गाडीत मला घसा कोरडा होईपर्यंत शिकवलंस, तेच स्वतः केलंस. हट्टी मेली!

हे लिहिलं आणि हात थांबला. मेली असं मी तुला रोज म्हणायचे. राहू दे. खोडत नाही.

सोमवार-मंगळवार मी ऑफिसला गेले नाही. बुधवारी कर्णिक सरांनी केबिनमध्ये बोलावलं. डोळे सुजलेले होते त्यांचे. म्हणाले, "वैशाली, शुक्रवारी आपण छोटीशी शोकसभा ठेवतोय. नितीनरावांनाही बोलावलं आहे. माझ्या मनात आहे की त्याच वेळी मेधाचं काम पूर्ण झालं असं जाहीर करावं. तिची सही झालेलीच आहे. तुझी झाली की पाठवून देऊ. तिच्या नावाने." मी मान डोलावली. मलाही ते हवं होतं गं. का नको असेल? फक्त एक फेरी राहिली होती, आणि ती काय आहे हे शुक्रवारी गाडीत तुझ्याशेजारी बसलेले तेव्हाच माझ्या डोक्यात पक्कं होतं. नियम म्हणून सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी लॅबमध्ये बसले. खालचं विमान चढतंय. थांबायच्या उंचीजवळ येतंय, मंदावतंय. तुझ्या पेटीने ओळखलं, थांबतंय, आणि ती गप्प राहिली. शाब्बास. इथपर्यंत काही चूक नाही. आता मी वरचं विमान किंचित खाली आणलं. फार नाही. खराब हवेत जितकं खाली-वर होतं तितकंच. आणि खालचं, जे थांबणार होतं, ते थांबलं नाही. मंदावलं आणि पुन्हा चढायला लागलं. तेही थोडंसंच. दोघांपैकी कोणीही मोठी चूक केलेली नाही. दोघं जरा जरा चुकलेत.

तुला माहितीये, मी टेस्ट लावते तेव्हा पडावं म्हणून लावते. त्या दिवशी मी हात जोडून बसले होते. पडू नको, मी स्क्रीनला म्हणत होते, आज पडू नको. पेटी गप्प. दोन ठिपके जवळ येतायत आणि पेटी गप्प. तिला अजून वाटतंय की खालचं थांबेल. आणखी जवळ. "ओरड ना गं!" मी खरंच मोठ्याने किंचाळले. मग ती ओरडली. वरच्याला चढ म्हणाली, खालच्याला उतर म्हणाली. बरोबर सांगितलं, पण उशिरा. दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला.

मी पुन्हा लावली. थोडी हवा बदलली, थोडा वेग बदलला. पुन्हा पडलं. मग जुनी पेटी लावली, ती बोंबाबोंब करणारी, जिला तू शिव्या घालायचीस. ती केव्हाच ओरडली आणि दोन्ही विमानं लांबून निघून गेली. म्हणजे भोक तुझ्या शांततेतच होतं.

सरांना दाखवलं. त्यांनी ती फेरी पुन्हा लावायला सांगितली. मग हळूच म्हणाले, "दोघांनी एकाच वेळी, असं नेमकं चुकायचं. प्रत्यक्षात कितीदा होईल हे?"

"मेधाच्या बाबतीत किती जण चुकले सर? सगळे थोडे थोडेच ना?"

असं बोलायला नको होतं कदाचित. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता रागावतील, पण ते म्हणाले, "तुला कल्पना आहे, तू नापास केलंस तर काय होईल? पेटी विकत घेणारे लोक आधीच का-कू करत होते. ही पेटीच गुंडाळून ठेवतील. जुनीच चालू राहील, तीच खोटी ओरडणारी. मेधाने इतकी वर्षं घातली त्यात. सगळं पाण्यात जाईल. तिला हे आवडलं असतं?"

तिथे मी गार झाले. कारण सर खोटं बोलत नव्हते. सही केली तर तुझं भोक खऱ्या विमानांतून उडणार. नाही केली तर तुझं सगळं म्हणणंच केराच्या टोपलीत. आणि तुझं म्हणणं खरं आहे गं. आता मला कोणी ते पटवायला नको. दोन खोट्या घंटांनी काय होतं ते मी आंबिवलीच्या त्या खोलीत, तुझ्या उशाशी बसून बघितलंय. पण 'थांबेल आपोआप' म्हणत गप्प राहिलं तर काय होतं, हेही मी तिथेच बघितलं. तू गेलीस ती तुझा मुद्दा सिद्ध करून गेलीस आणि माझाही. आता मी भांडू कोणाशी? घरी आले आणि भांडी जोरजोरात घासली. नवरा म्हणाला, झोप आता. त्यालाही उगाच फटकारलं.

शुक्रवारी सगळे जमले. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार, समोर खुर्च्या, पहिल्या रांगेत नितीन. अंगावर इस्त्री नसलेला शर्ट. सर चांगलं बोलले, शुद्ध, जपून, त्यांच्या पद्धतीने. शेवटी म्हणाले, "आता वैशाली दोन शब्द बोलेल." रिपोर्टचं नावही घेतलं नाही त्यांनी. माझ्यावर सोडलं. पण मी सही झाल्याचं सांगणार असंच सगळ्यांनी धरलेलं. ऑफिसातल्या आपल्या पोरांनी पेढेसुद्धा आणून ठेवलेले, घरी न्यायला, तुझं काम पुरं झालं म्हणून.

उभी राहिले. म्हटलं, "मी सही करणार नाहीये. मेधाच्या कामात एक भोक आहे. ते मला ती गेल्यावर सापडलं, तिला माहीत नव्हतं. तिचं नाव लावून आत भोक ठेवून मी ते पाठवणार नाही. आणि ते गुंडाळूनही ठेवू देणार नाही. भोक बुजवू आणि मग पाठवू. कितीही वेळ लागला तरी."

मागून कोणीतरी म्हणालं, "आज तरी राहू द्यायचं होतं." ऐकू आलं मला. नितीन वर बघत होता, थेट माझ्याकडे, आणि त्याच्या नजरेत काय आहे ते मला कळेना. मी खाली बसले. तुझ्याबद्दल एकही चांगला शब्द न बोलता बसले. तुझ्या शोकसभेत मी तुला नापास करून आले, मेधा.

सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी आले ते सरळ तुझ्या टेबलाशी गेले, तुझी खुर्ची ओढली आणि बसले. म्हणाले, "मी मुदत मागून घेतली आहे. बऱ्याच वर्षांनी लिहायला बसतोय, हसू नकोस." आता ते लिहितात आणि मी पाडते. कालही पाडली त्यांची. ते तुझ्यासारखे भांडत नाहीत, नुसते "हं" म्हणतात आणि पुन्हा लिहायला लागतात. हळूहळू बुजतंय भोक. तू घातलेली समज त्यांनी काढलेली नाही, फक्त खालचं विमान पुन्हा चढायला लागलं तर तिने विश्वास किती लवकर सोडायचा, ते शिकवतायत. बघू.

पण शुक्रवारचं अजून राहिलंच. सभा संपल्यावर नितीन तुझं सामान न्यायला आला. शाल, डबा, ती निळी पाण्याची बाटली. मी पिशवी घेऊन खाली गाडीपर्यंत गेले. वाटलं, आता बोलणार मला. बोलला असता तर ऐकून घेतलं असतं.

त्याने विचारलं, "ती चुकली होती का?"

"नाही. काम पुरं व्हायचं होतं अजून."

तो मान हलवत राहिला. डिकी उघडली, पिशवी ठेवली, पण बंद करेना. मग म्हणाला, "रविवारी जेवल्यावर तिला घाम फुटलेला. मी किल्ली घेऊन दारात उभा होतो. ती म्हणाली, पुन्हा तोच तमाशा नको, पडते जरा. मी किल्ली परत खुंटीला लावली." त्याने डिकीतली पिशवी उगाच सरकवली. "तू फोन केला होतास मला. बजावून सांगितलं होतंस. वैशाली, मी तिला उचलून न्यायला हवं होतं ना?"

तुला माहितीये माझं उत्तर काय आहे. इतकी वर्षं गाडीत, लॅबमध्ये, तुझ्या तोंडावर मी तेच ओरडत आलेय. 'हो' अगदी ओठापर्यंत आलेलं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, डिकीवर हात ठेवून.

"नाही रे," मी म्हटलं. "कोणालाच कळलं नसतं. तुझं काही चुकलं नाही नितीन. काहीही नाही."

त्याने डिकी लावली आणि तिथेच तिच्यावर डोकं टेकवून तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मेधा, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी न तपासता पास केलं.